राजाचा दुखवटा कोणाच्या घरीं न्यावा?

(ता. ६ फेब्रुवारी रोजीं श्रीमंत सयाजीराव महाराज गायकवाड यांच्या पुण्यतिथीनिमित्त भरलेल्या गांवच्या सभेंत एका प्राथमिक शिक्षकानें केलेलें भाषण)



आपल्या गांवांत एखाद्या घरचें माणूस गेलें म्हणजे त्या घरची चूल पेटत नाहीं. शेजारीपाजारी पिठलें-भाकरी घेऊन जातात, सोयरे दुखवटा घेऊन येतात. ज्याचें गेलें त्याच्या घरीं न्यावयाचें, त्याच्याकडून कांहीं आणावयाचें नाहीं, ही आपली कुणब्यांची, बलुतेदारांची रीत. भिक्षुकशाहीची रीत याच्या उलट. ती तेराव्याला दुःखी घराकडूनच शिधा, भांडीं आणि दक्षिणा मागते, आणि मेलेल्या बापाच्या नांवानें जिवंत मुलगा कर्जांत बुडतो. सत्यशोधक मंडळींनीं या दुसऱ्या रीतीवर जन्मभर कोरडे ओढले ते उगाच नव्हेत. या दोन्ही रीती ध्यानांत ठेवा. राजा मेला तरी दुखवट्याच्या याच दोन रीती असतात.

विलायतची राणी व्हिक्टोरिया ता. २२ जानेवारी १९०१ रोजीं वारली. ती १८३७ सालीं गादीवर आली होती, म्हणजे तिनें ६३ वर्षें राज्य केलें. तिच्या नांवानें कलकत्त्यास संगमरवरी स्मारक बांधावयाचें ठरलें. तें १९२१ सालीं खुलें झालें आणि त्यास सुमारें १ कोटी ५ लाख रुपये लागले. ते संस्थानिकांनीं व लोकांनीं वर्गणी करून दिले. पण १८९९-१९०० सालचा दुष्काळ नुकताच मुलूख खाऊन गेला होता, प्लेग गांवें ओसाड करीत होता. संस्थानिकांची वर्गणी तरी कोठून आली? रयतेच्या साऱ्यांतूनच ना? ज्या घरांत चूल थंड, त्या घरांतून दुखवटा उचलून ज्या घरांत कांहीं कमी नव्हतें तेथें नेला. तेरावा तो हाच, फक्त मोठ्या प्रमाणावर!

राणीच्या राज्यांत आमच्यासाठीं शाळेचें दार किलकिलें झालें, हें मी नाकारीत नाहीं. आपले वडील तेवढ्यासाठीं तिला दुवा देत. पण १८८२ सालीं जोतीराव फुल्यांनीं हंटर कमिशनपुढें प्राथमिक शिक्षण सक्तीचें करा म्हणून निवेदन केलें, तें राणी जिवंत असेपर्यंत सरकारनें मानलें नाहीं. तें मानलें एका कुणब्याच्या पोरानें.

हा पोर म्हणजे नाशिक जिल्ह्यांतील कवळाण्याचा गोपाळ. १८७५ सालीं बडोद्याची गादी रिकामी झाली, महाराणी जमनाबाईंनीं त्यास दत्तक घेतलें, आणि तो सयाजीराव झाला. ता. ६ फेब्रुवारी १९३९ रोजीं मुंबईंत महाराज वारले. म्हणजे यांचेंही राज्य ६३ वर्षांचें, राणीपेक्षां थोडें जास्तच! कारकीर्द सारखी, पण खालीं जमा काय तें पाहा. १८९० सालीं कलाभवन काढून कारागिरांच्या मुलांना रंगकाम, विणकाम, यंत्रकाम शिकण्याची सोय केली. १८९३ सालीं अमरेली तालुक्यांत मोफत व सक्तीचें शिक्षण सुरू केलें, १९०६ सालीं तें साऱ्या राज्यास लागू केलें. १९१३ सालीं डॉ. आंबेडकर अमेरिकेस गेले ते बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर. १९१५ सालीं पौरोहित्य करणाऱ्यास परीक्षेचें बंधन घातलें.

आतां एक कडू गोष्ट सांगतों. हीच सक्ती त्या वेळच्या रयतेला गोड लागली नव्हती. मुलगा शाळेंत गेला तर गुरें कोणीं वळावीं? मुलगी गेली तर धाकटें पोर कोणीं सांभाळावें? पोर न पाठविणाऱ्या बापास दंड होई, आणि दंड भरणारा बाप महाराजांना दुवा देत नसेल. तरी त्या पोरांच्या नातवंडांना विचारा, तो दंड महाग पडला कीं स्वस्त?

कोणी म्हणेल, गुरुजी, राजे गेले, १९४९ सालीं बडोदें मुंबई राज्यांत विलीन झालें, आतां कसला दुखवटा? खरें आहे. राजा पुन्हां नकोच. २०२२ सालीं इंग्लंडची राणी एलिझाबेथ ७० वर्षांच्या राज्यानंतर वारली तेव्हां आपल्या सरकारनेंही ता. ११ सप्टेंबरला एक दिवस निशाण अर्ध्यावर उतरविलें. तो राज्याराज्यांतला शिष्टाचार, दुसऱ्या दिवशीं संपला. पण सयाजीराव गेल्यानें ज्याचें खरोखर गेलें, तें घर अजून आहे. तें राजवाड्यांत नाहीं. ज्या पोराला शाळेंत बसविण्यासाठीं पाठीशीं कोणी उभा नाहीं, त्या पोराचें तें घर.

आज या सभेकडे पाहा. अर्धा गांव येथें नाहीं. दिवाळी झाली, मुकादमाची उचल घेतली, आणि टोळ्या ऊसतोडीला गेल्या. आईबापांबरोबर पोरेंही गेलीं. माझ्या हजेरीपटावर त्यांचीं नांवें आहेत, पोरें फडावर वाढें गोळा करीत आहेत. तीं चैत्रांत परत येतील तेव्हां वजाबाकी विसरलेलीं असतील. मुलगी तेरा-चौदा वर्षांची झाली कीं मागें कोणाजवळ ठेवावी म्हणून तिचें लग्न उरकतात. बडोद्यानें बालविवाहाविरुद्ध कायदा केला त्यास, १९०४ पासून मोजलें तर, शंभरावर वर्षें झालीं!

पुढल्या पुण्यतिथीला मिरवणूक काढावी, बँड लावावा, त्यासाठीं घरटी शंभर रुपये काढावे असें तरुण मंडळींनीं ठरविलें आहे. तरुणांनो, तुमची भक्ति खोटी नाहीं, पण ती वर्गणी मिरवणुकीवर घालूं नका. येत्या दिवाळीला ट्रक भरण्यापूर्वीं आपण घरोघर जाऊं आणि म्हणूं, "बाबा, तूं जा, पोरें येथें ठेव." ज्यांची आजी घरीं आहे त्यांना आजीजवळ ठेवूं, तिला धान्य देऊं. ज्यांना कोणी नाहीं त्यांच्यासाठीं हंगामी वसतिगृहाची मागणी पंचायतीनें वेळेवर करावी. अर्ज मी लिहून देतों. संध्याकाळची भाकरी आळीपाळीनें घरोघरून यावी, आणि मुलींच्या निजण्याची सोय कोठें व कोणाच्या देखरेखीखालीं हें आयाबायांनींच ठरवावें.

ज्यांना हें पटतें त्यांनीं आज उठण्यापूर्वीं आपलें नांव आणि किती पोरांची भाकरी देणार तें या वहींत लिहावें. पहिलें नांव मीं लिहिलें आहे, दोन पोरांचें.