पाच तारे आणि आपली भीड
(गणेशोत्सवातील व्याख्यानाचा लिखित मसुदा)



विषय जरा कोरडा वाटेल. समाजाने स्वतःचे संकेतस्थळ काढले, तर त्यावर लोकांचे अभिप्राय आणि गुण कसे घ्यावेत, असा हा विषय आहे. परगावी खोली कुठे मिळेल, मराठी समजणारा डॉक्टर कोण, मुलांना शाळा कोणती बरी, कामाला आलेल्या पोराने कोणत्या दुकानात राहावे, अशा माहितीची यादी करणे फार अवघड नसते. त्या यादीतले चांगले कोणते, हे चारचौघांत सांगायची वेळ आली की सगळ्यांचे घसे बसतात.

वास्तविक पारख हा इथल्या अनेक घरांचा पिढीजात धंदा. विटा, खानापूर, आटपाडी, तासगाव या भागांतून सोन्या-चांदीच्या गलाईसाठी माणसे देशभर पांगली, ती टंच काढण्याच्या कसबावर. कसोटीच्या दगडाला सराफाची भीड नसते. दागिना पाटलांच्या घरातला की मोलकरणीचा, हे तो विचारत नाही. माणसाला मात्र भीड पडते, आणि आपली वस्ती लहान असल्यामुळे ती जरा जास्तच पडते.

मंडपाच्या दारात ठेवलेली अभिप्राय वही आठवा. कोणत्याही गावच्या कोणत्याही मंडळाची चालेल. 'उत्तम कार्य', 'असेच कार्य घडत राहो', 'मंडळाला शुभेच्छा'. पाने भरलेली असतात आणि पुढच्या वर्षी काय बदलावे, हे एकाही पानावरून कळत नाही. महाप्रसादाच्या रांगेत म्हातारी माणसे तासभर उभी होती, हे वहीत कुणी लिहीत नाही. घरी जाताना बोलतात. वही उघडी, वरच्या ओळीत शेजाऱ्याची सही, आणि समोर कार्यकर्ता उभा. अशा वेळी वाईट कोण लिहिणार?

मोठमोठ्या कंपन्यांनाही हे चुकलेले नाही. यूट्यूबवर पूर्वी चित्रफितीला एक ते पाच तारे देता येत. २००९ साली त्यांनीच जाहीर केले की बहुतेक लोक थेट पाच तारे देतात, काही थोडे रागाने एक देतात, आणि मधले दोन, तीन, चार जवळजवळ कुणी वापरत नाही. २०१० मध्ये तारे गेले, आवडले-नावडले एवढेच राहिले. नेटफ्लिक्सनेही २०१७ साली तारे काढून अंगठा आणला. एवढी साधनसंपत्ती असलेल्यांना जे झेपले नाही, ते आपण पन्नास-साठ घरांच्या यादीसाठी का करावे?

तारे ठेवायचेच असतील तर सरासरीच्या फसवणुकीपासून सावध राहावे. एका खानावळीला तिघांनी पाच-पाच तारे दिले. सरासरी पाच. ते तिघे मालकाचे मेहुणे असू शकतात. दुसरीला दोनशे जणांनी मिळून ४.६ दिले. संगणक पहिलीला वर बसवतो. यावर आयएमडीबी हे चित्रपटांचे संकेतस्थळ आपल्या पहिल्या अडीचशे चित्रपटांच्या यादीसाठी जो उपाय करते, त्याची साधी आवृत्ती आपणही वापरू शकतो. प्रत्येकाच्या खात्यात आधीच दहा मामुली मते टाकायची, चार-चार ताऱ्यांची. मग पहिल्या खानावळीचे १५ अधिक ४० म्हणजे ५५, भागिले १३, साधारण ४.२. दुसरीचे ९२० अधिक ४० म्हणजे ९६०, भागिले २१०, जवळपास ४.६. ही खालची वर आली. वहीच्या मागच्या पानावर होणारे गणित आहे.

परंतु गणिताने भीड जात नाही.

या तालुक्यात तंबाखू पिकतो आणि लिलाव कसा चालतो, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. बोली लागण्यापूर्वी गाठीची प्रत ठरते, आणि ती ठरवणारा तंबाखू मंडळाचा माणूस ना शेतकऱ्याच्या नात्यातला, ना व्यापाऱ्याच्या पगारावरचा. शिवाय भाव पटला नाही तर शेतकऱ्याला नाही म्हणता येते. वाद तरीही होतात, पण वाद घालायला जागा आहे. आपल्या यादीत तसा तिसरा माणूस नाही. इथे गुण देणारा आणि घेणारा दोघेही संध्याकाळी एकाच आरतीला उभे असतात.

ई-बे या खरेदी-विक्रीच्या संकेतस्थळाने १९९६ पासून दोन्ही बाजूंना एकमेकांवर शेरा मारायची सोय दिली होती. कल्पना न्याय्य वाटते. घडले असे की ग्राहकाने वाईट लिहिले की विक्रेताही त्याच्यावर वाईट लिहून मोकळा. लोक सूड टाळण्यासाठी गप्प बसू लागले. शेवटी २००८ साली विक्रेत्याने ग्राहकावर वाईट शेरा देण्याची सोयच काढून टाकावी लागली. तिथे दोघे एकमेकांना ओळखतसुद्धा नव्हते!

आता आपल्याकडचे बघा. गावाकडून सोळा-सतरा वर्षांचा पोरगा दुकानात कामाला येतो. आईबाप इतकेच जाणतात की शेठ आपल्या भागातला आहे. पगार तारखेला होतो की वर्षाअखेर हिशेब होतो, ताप आला तर डॉक्टरकडे नेतात की भट्टीपाशी बसवतात, दिवाळीला गावी सोडतात का, हे आधी कुणी सांगत नाही. ज्यांना माहीत असते ते त्याच शेठकडे कामाला असतात. दुकानात कारागीर दोन. नाव लपवले तरी लिहिले कुणी, हे शेठला तासाभरात कळणार.

म्हणून माझे स्पष्ट मत आहे की माणसांना तारे देऊच नयेत. शेठला साडेतीन तारे याचा अर्थ काय? त्याची बदनामी होते आणि पोराच्या आईला काहीच कळत नाही. त्याऐवजी वर सांगितलेल्या तीनच गोष्टी विचाराव्यात, उत्तर हो किंवा नाही. आणि विचारायचे ते सध्या कामावर असलेल्याला नव्हे, काम सोडून निदान वर्ष झालेल्याला. त्याची भीड बरीच सुटलेली असते. पाच जणांची उत्तरे जमेपर्यंत काहीही दाखवू नये, मग त्याला तीन वर्षे लागली तरी चालेल. शेठलाही बाजू मांडायला त्याच पानावर, तेवढीच जागा द्यावी. एकट्या माणसाच्या रागाने धंदा बसता कामा नये. छोट्या गावात तो बसतो.

कुणी म्हणेल, नाव नाही तर खोटे लिहितील. रास्त शंका आहे. ज्या भारतीय मानक ब्युरोचा शिक्का आपण दागिन्यावर पाहतो, त्याच संस्थेने २०२२ साली ग्राहकांच्या ऑनलाइन अभिप्रायांसाठीही मानक काढले, आयएस १९०००. अभिप्राय गोळा कसे करावेत, तपासावेत कसे आणि छापावेत कसे, असा त्याचा विषय. लिहिणारा खरा माणूस आहे याची खात्री करणे हा त्यातला महत्त्वाचा भाग. आपल्यापुरते त्याचे रूप असे की नाव एका विश्वासू माणसाकडे राहील, वाचणाऱ्याला दिसणार नाही. तो विश्वासू माणूस दुकानदार नसावा. एखाद्या निवृत्त शिक्षिका बाई मिळाल्या तर उत्तम.

आणखी एक, लोक पुन्हा का लिहीत नाहीत याबद्दल. म्हैसूर २०१६ च्या स्वच्छ सर्वेक्षणात देशात पहिले आले, २०१७ साली पाचवे. त्या २०१७ च्या पाहणीत दोन हजारांपैकी सहाशे गुण नागरिकांच्या मतावर होते. मत मोजले जाते असे दिसले की माणूस मत देतो. आपण पेटीत चिठ्ठी टाकतो आणि पुढे तिचे काय झाले, ते कधीच कळत नाही.

संकेतस्थळ होईल तेव्हा होईल. यंदा मंडपापासून सुरुवात करू. वहीशेजारी कुलूप लावलेली पेटी असेल. चिठ्ठीवर तीन प्रश्न, मराठीत आणि कन्नडमध्ये, कारण आपली नवी पिढी शाळेत कन्नड शिकते आणि शेजाऱ्यांचेही मत हवे आहे. प्रसादाला किती वेळ थांबलात? मुलांच्या कार्यक्रमाची वेळ सोयीची होती का? पुढच्या वर्षी एकच गोष्ट बदलायची तर कोणती? लिहिता न येणाऱ्या आजींसाठी हसरा आणि रडका चेहरा छापला आहे, त्यावर बोट टेकवले की बाजूची मुलगी खूण करील. पेटी विसर्जनानंतरच्या रविवारी सर्वांसमोर उघडायची. चिठ्ठ्या मोजायला कार्यकारिणीबाहेरचे दोघे हवेत. नावे आजच आरतीनंतर द्यावीत.