समुपदेशकांनी विधानभवनाची पायरी चढावी

आज समुपदेशनाची पदव्युत्तर पदवी घेणाऱ्या विद्यार्थ्यांनो,

मुलाचे ऐकून कसे घ्यावे, हे तुम्ही इथे शिकलात. आमदारापुढे आपले म्हणणे कसे मांडावे, हे अभ्यासक्रमात नव्हते. आज मला त्याबद्दलच बोलायचे आहे.

2009 च्या शिक्षण हक्क कायद्याची अनुसूची उघडा. किती मुलांमागे किती शिक्षक, हे तीत आहे. सहावी ते आठवीत शंभराहून अधिक मुले असतील तर कला, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षणासाठी अंशकालीन निदेशक आहेत. समुपदेशक मात्र कुठेच नाही. 2022 साली देशात 13,044 विद्यार्थ्यांचा आत्महत्येने मृत्यू झाला, त्यातले 1,764 महाराष्ट्रातले. इतर कुठल्याही राज्याहून अधिक. ही सरकारी नोंद आहे.

जुलै 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विशाखापट्टणमच्या एका प्रकरणात सांगितले, की शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेत किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता हवा. हे निर्देश कायदा होईपर्यंत लागू आहेत. म्हणजे कायदा व्हायचा आहे, आणि तो लिहिला जाताना तुम्ही तिथे असायला हवे. आपले काम दुसऱ्यांनी ठरवले की काय होते, ते अमेरिकेत दिसले. तिथे 1957 च्या स्पुटनिक या सोव्हिएत उपग्रहानंतर, 1958 च्या राष्ट्रीय संरक्षण शिक्षण कायद्याने शालेय समुपदेशनाला पैसा दिला तो हुशार मुले हेरून विज्ञानाकडे वळवण्यासाठी. रडणारे मूल त्या हिशेबात नव्हते. तुम्ही गप्प राहिलात तर तुमचे काम काय, हे दुसरे कुणीतरी ठरवेल.

आमदाराकडे काय न्यायचे, इथे मात्र जपून. मुलाने विश्वासाने सांगितलेली गोष्ट नेऊ नका, नाव बदलूनही नाही. तालुक्याच्या गावात इयत्ता आणि वडिलांचा धंदा कळला तरी मूल ओळखू येते. वर्षभराची नोंदवही न्या: किती मुले आली, कोणत्या महिन्यांत गर्दी झाली, किती जणांना डॉक्टरकडे पाठवावे लागले, किती जणांना वेळच देता आला नाही, तुमचे किती तास ऑफ तासांवर आणि कारकुनी कामात गेले. एका शाळेचे आकडे थोडे असतील तर तालुक्यातल्या चार शाळांचे एकत्र करा. त्यात कुठले एकटे मूल दिसत नाही. आणि समुपदेशक नेमला की आत्महत्या थांबतील, असे कुणालाही सांगू नका. ते खरे नाही, आणि आपल्या कामात विश्वासाखेरीज दुसरे भांडवल नाही.

मागणी नेमकी ठेवा: मंजूर पद, नियमित वेतन, बोलायला दार लागणारी खोली, आणि एका समुपदेशकामागे मुलांच्या संख्येची मर्यादा. विधिमंडळात तारांकित प्रश्न कसा विचारला जातो, लक्षवेधी सूचना कशी येते, हे समजून घ्या. विधान परिषदेत शिक्षकांचे 7 आणि पदवीधरांचे 7 आमदार आहेत. त्यांच्यापासून सुरुवात करा. पदवीधर मतदारसंघाची यादी प्रत्येक निवडणुकीला नव्याने होते, त्यामुळे पहिल्या पदवीला तीन वर्षे झाली असतील तर नाव स्वतः नोंदवा.

अर्थसंकल्पी अधिवेशनाच्या आधी पत्र लिहा, दोघे-तिघे मिळून आमदारांच्या हाती द्या, आणि त्याची पोच घ्या.