चांगला फोटो कशाला म्हणावे?



आपल्यापैकी बहुतेकांनी केव्हा ना केव्हा छातीचा क्ष-किरण फोटो काढून घेतला असेल. 'फोटो चांगला आला' असे कोणी म्हटले की आपण निश्चिंत होतो. परंतु चांगला म्हणजे काय, आणि तो चांगलेपणा मोजावा कसा?

यंत्रापुरते याचे उत्तर आहे. स्तनांच्या तपासणीच्या यंत्राखाली प्लास्टिकचा एक ठोकळा ठेवतात. त्याच्या पोटात बारीक तंतू, कण आणि गाठी यांच्या प्रतिकृती दडवलेल्या असतात. फोटोत त्यांपैकी किती ओळखू येतात ते मोजायचे. किरण वाढवले की चित्र स्वच्छ येते हे खरे. पण चित्रातला रवाळपणा निम्मा करायचा तर किरण चौपट लागतात, आणि ते रोग्याच्या अंगातून जातात. म्हणून सर्वांत स्वच्छ चित्र तेच सर्वांत चांगले, असे म्हणता येत नाही. निदानापुरते स्वच्छ, आणि तेवढ्यासाठी कमीत कमी किरण, ही खरी कसोटी.

पण ठोकळ्याने यंत्राची परीक्षा होते. फोटो पाहणाऱ्या डोळ्याची कोण घेणार? ती अमेरिकेत जवळजवळ चुकून घेतली गेली. दुसऱ्या महायुद्धानंतर तेथे क्षयाच्या शोधासाठी हजारो लोकांचे फोटो काढावयाचे होते. मोठी फिल्म घ्यावी की स्वस्तातली लहान, हे ठरवण्यासाठी १,२५६ माणसांचे फोटो चार पद्धतींनी काढले आणि पाच तज्ज्ञांना वेगवेगळे वाचावयास दिले. निष्कर्ष १९४७ साली प्रसिद्ध झाला. पद्धतीपद्धतींतला फरक किरकोळ निघाला. तज्ज्ञातज्ज्ञांतला मात्र त्याहून मोठा. आणि मौज अशी की, तोच फोटो काही काळाने पुन्हा दाखवला तेव्हा कित्येक ठिकाणी तज्ज्ञाचे स्वतःशीच पटेना! गेले होते फिल्म निवडायला, आणि मोजून आले माणसाची नजर.

हे तज्ज्ञ बेफिकीर होते असे मात्र कोणी समजू नये. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात २४ क्ष-किरणतज्ज्ञांना फुप्फुसाच्या सीटी स्कॅनमधून लहान गाठी शोधावयास सांगितले होते. शेवटच्या स्कॅनमध्ये एका गोरिलाचे चित्र घालून ठेवले होते, सरासरी गाठीच्या ४८ पट मोठे. २० जणांना तो दिसलाच नाही. कित्येकांची नजर तर थेट त्याच्यावरून गेली होती. जे शोधावे तेच दिसते, दुसरे काय!

उपाय जुनाच आहे: एकाच्या नजरेतून निसटले ते दुसऱ्याने पकडावे. ब्रिटनमध्ये स्तनांच्या कर्करोगाच्या सार्वत्रिक तपासणीत प्रत्येक फोटो दोघेजण वाचतात. एका फोटोसाठी दोन तज्ज्ञ आणायचे कोठून, ही अडचण खरी आहे. स्वीडनमध्ये ८०,००० स्त्रियांच्या तपासणीत संगणकाची कृत्रिम बुद्धी मदतीला घेऊन पाहिली. २०२३ साली आलेल्या पहिल्या निष्कर्षात कर्करोग सापडण्याचे प्रमाण घटले नाही, आणि तज्ज्ञांचे वाचनाचे काम ४४ टक्क्यांनी कमी झाले. एवढ्यावरून यंत्राला मोकळे रान द्यावे असे मला वाटत नाही. त्याचीही चूक अशीच मोजावी लागेल, आणि ती पुन्हा पुन्हा.

आपल्या हातचे एक सांगतो. फोटो काढायला जाताना जुने फोटो बरोबर न्या, आणि चिठ्ठीवर 'छातीचा फोटो' एवढेच असेल तर काय होते आहे ते लिहून घ्या: खोकला किती दिवसांचा, दुखते कोठे. मागच्या वर्षी हा डाग होता की नव्हता, हे नुसत्या नव्या फोटोवरून कोणालाच सांगता येणार नाही.