हरलेल्या दाव्याचा वकील



अल्बियन टूर्झे यांचा जन्म १८३८ साली ओहायो राज्यात झाला. अमेरिकेच्या यादवी युद्धात, १८६१ साली, बुल रनच्या लढाईत त्यांच्या पाठीच्या कण्यास जबर दुखापत झाली. युद्धानंतर ते पराभूत दक्षिणेत, नॉर्थ कॅरोलिनातील ग्रीन्सबरो येथे वकिली करू लागले. १८६८ साली त्या राज्याची नवी घटना घडविण्यात त्यांचा मोठा वाटा होता. पुढे सहा वर्षे न्यायाधीश असताना त्यांनी कू क्लक्स क्लॅनच्या धमक्यांना भीक घातली नाही. हाच अनुभव 'ए फूल्स एरंड' या १८७९ सालच्या कादंबरीत उतरला व ती हातोहात खपली.

खरी कसोटी पुढेच होती. १८९२ साली होमर प्लेसी हे लुइझियानात गोऱ्यांसाठी राखलेल्या रेल्वेच्या डब्यात बसले व त्यांना अटक झाली. टूर्झे यांनी मोबदला न घेता त्यांचा दावा चालविला. न्यायदेवतेच्या डोळ्यांवर पट्टी असते, तर कायद्यास निदान माणसाचा वर्ण दिसू नये, असा त्यांचा युक्तिवाद होता. १८९६ साली सर्वोच्च न्यायालयाने तो सात विरुद्ध एक मतांनी फेटाळला. न्यायमूर्ती हार्लन यांनी मात्र त्याच आशयाचे भिन्नमत नोंदविले.

१९०५ साली फ्रान्समधील बोर्दो येथे टूर्झे निवर्तले. १९५४ साली त्याच न्यायालयाने शाळांतील वर्णभेद एकमताने घटनाबाह्य ठरविला. २०२२ साली प्लेसी यांना मरणोत्तर माफी मिळाली. दावा हरला, युक्तिवाद मात्र कागदावर राहिला. ग्रंथ जपावयाचे ते याचसाठी.