ट्रकच्या इंजिनाला मोठा चेंबर बसवताना



कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या गॅरेजात ट्रकचं इंजिन फुल कामाला आलं, म्हणजे पार ब्लॉकपर्यंत खोललं, की मालक हमखास विचारतो, "मेस्त्री, एवढं खोललंयच, तर चेंबर जरा मोठा बसवूया का?" चेंबर म्हणजे इंजिनाच्या बुडाला बोल्टांनी आवळलेलं ऑइलचं भांडं. त्यात चार-पाच लिटर ऑइल जास्त मावलं तर इंजिन जास्त टिकेल, असा मालकाचा हिशेब असतो. हिशेब चूक नाही, पण अपुरा आहे. त्यातलं राहिलेलं आज पाहू.

कोल्हापूरच्या हाताला इंजिनाची सवय लागली ती शेतातल्या ऑइल इंजिनांमुळं. नदीचं आणि विहिरीचं पाणी उसाला पाजायला ही इंजिनं आली. त्यांच्या दुरुस्तीतून वर्कशॉप वाढली, ओतकाम वाढलं आणि पुढं शिरोली, गोकुळ शिरगावातून वाहनांचे सुटे भाग देशभर जाऊ लागले. संथ गतीच्या त्या एका सिलिंडरच्या इंजिनात ऑइलची व्यवस्था सरळ होती. कनेक्टिंग रॉडच्या खालच्या टोकाला चमच्यासारखा एक तुकडा असायचा. तो दर फेरीला ऑइलात बुडायचा आणि ऑइल चौफेर उडवायचा. इंजिन पक्क्या पायावर बसलेलं, त्यामुळं ऑइलही जागचं हलत नसे.

ट्रकचं इंजिन इथंच वेगळं पडतं. चेंबरच्या तळाशी स्ट्रेनर, म्हणजे जाळी असते. तिच्यातून पंप ऑइल ओढतो आणि फिल्टरमधून क्रँकच्या बेअरिंगांकडं ढकलतो. क्रँक आणि बेअरिंग यांच्यामधली फट मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी. तिच्यात ऑइलचा पातळ थर असतो आणि सगळा भार त्या थरावर तोललेला असतो. तो थर काही क्षण तुटला तरी धातूला धातू घासतो आणि बेअरिंग जातं. म्हणून ट्रकमध्ये सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न एकच: जाळीच्या तोंडाशी प्रत्येक क्षणी ऑइल आहे का?

आता घाटात चला. कोकणातून चिरा भरून एक ट्रक करूळ घाट चढतोय. चढ दहाला एक धरा आणि चेंबर सत्तर सेंटिमीटर लांब धरा. ऑइलचा पृष्ठभाग सपाटच राहतो, पण चेंबर तिरका होतो. त्यामुळं पुढच्या टोकापेक्षा मागच्या टोकाला ऑइल ७ सेंटिमीटरनं जास्त खोल होतं. जोरात ब्रेक लागला तर हेच उलट्या दिशेनं घडतं आणि सपाट रस्त्यावरसुद्धा फरक २० सेंटिमीटरच्या घरात जाऊ शकतो. ऑइल आधीच कमी असेल, तर जाळी उघडी पडते आणि पंप हवा ओढतो. शिवाय चढावर खालचा गिअर, इंजिनाचे फेरे जास्त, गाडीचा वेग कमी आणि चेंबरला वारा जवळजवळ नाही. ऑइल तापतं, पातळ होतं.

मोठा चेंबर उपयोगी पडतो तो अशा वेळी. ऑइल जास्त असलं की ते सावकाश तापतं, काजळीनं सावकाश काळवंडतं आणि एका बाजूला सरकलं तरी जाळीपाशी शिल्लक उरतं. राधानगरीच्या सड्यावरून बॉक्साइट भरून उतरणारे ट्रक, टर्बो लावून ताकद वाढवलेली इंजिनं, लांब पल्ल्याच्या गाड्या यांना त्याचा खरा फायदा आहे.

पण चेंबर मोठा केला म्हणून ऑइलचं प्रेशर वाढत नाही. प्रेशर ठरतं पंपावर, रिलीफ व्हॉल्व्हवर, बेअरिंगच्या फटीवर आणि ऑइलच्या जाडीवर. झिजलेल्या इंजिनाचं प्रेशर पडत असेल, तर मोठा चेंबर हा त्यावरचा इलाज नाही.

जुन्याच चेंबरमध्ये ऑइल मोजायच्या काडीवरच्या खुणेच्या वर ऑइल भरणं तर त्याहून वाईट. शेतातल्या इंजिनात रॉडनं ऑइलात बुडणं हीच सोय होती. इथं मिनिटाला दोन हजारांवर फेरे घेणारा क्रँक ऑइलात शिरला, तर तो ताकासारखं घुसळून त्याचा फेस करतो. फेसातली हवा पंपात जाते आणि प्रेशरचा काटा नाचायला लागतो. म्हणून वरची पातळी होती तिथंच ठेवायची आणि वाढीव जागा खाली किंवा बाजूला काढायची.

खाली की बाजूला, हे गाडी कुठं चालते त्यावर ठरवा. गळीत हंगामात उसाच्या फडात शिरणाऱ्या ट्रकचा चेंबर आधीच बांधावर, दगडावर आपटत असतो. तिथं तीन इंच जास्त खोल चेंबर म्हणजे संकटाला बोलावणं. सत्तर बाय तीस सेंटिमीटरचा तळ असेल, तर दर दोन सेंटिमीटर खोलीला सुमारे चार लिटर वाढतात. तेवढेच चार लिटर बाजूला पोट काढूनही मिळतात. मात्र पुढचा अ‍ॅक्सल, स्टिअरिंगचा रॉड आणि क्रॉस मेंबर मोकळे राहतात का, ते स्प्रिंगा पूर्ण दबल्या असं धरून मोजा.

सगळ्यात चांगलं म्हणजे त्याच इंजिनाचा, कंपनीनंच काढलेला दुसरा चेंबर शोधणं. एकच इंजिन ट्रकला, बसला आणि जनरेटरला वेगवेगळे चेंबर लावून विकलं जातं. चेंबर घ्याल तेव्हा त्याची जाळी, पाइप आणि ऑइलची काडी असा पूर्ण संच घ्या. नवा खोल चेंबर आणि जुनी आखूड जाळी अशी जोडी लावली, तर खालचं वाढीव ऑइल नुसतं पडून राहतं.

वेल्डिंग करून चेंबर वाढवणार असाल, तर वरची कड आधी जाड प्लेटवर बोल्टांनी आवळा, नाहीतर ती वाकते आणि पॅकिंग कधीच धरत नाही. आत आडपत्रे लावा, म्हणजे ऑइल एकदम धावणार नाही. गळती तपासायला सांध्यावर बाहेरून खडू फासा आणि आतून रॉकेल लावून ठेवा. बारीक छिद्र असलं तरी खडूवर ओला डाग उमटतो. मग वेल्डिंगचा कण न् कण काढून चेंबर धुवा.

बसवण्याआधी एकदा कोरडा लावून पाहा. जाळीवर मऊ मातीचा गोळा ठेवा, चेंबर लावा, काढा आणि दबलेल्या मातीची जाडी मोजा. कंपनीचं माप असेल तर तेच पाळा, नसेल तर तळापासून साधारण ६ ते १० मिलिमीटर ठेवा. पाइप लांबला असेल तर त्याला आधाराची पट्टी द्या. थरथरून त्याला तडा गेला, की चेंबर भरलेला असूनही पंप हवा ओढतो. शेवटी क्रँक हातानं दोन पूर्ण फेरे फिरवा. कुठं टेकत नाही ना, ते कळेल.

शहरात थोडं थोडं अंतर धावणाऱ्या गाडीला मात्र हा खर्च करू नका. जास्त ऑइल उशिरा तापतं, त्यातली ओल उडून जात नाही आणि दर बदलीला पैसे जास्त लागतात. आणि चेंबर मोठा आहे म्हणून ऑइल बदलायची मुदत मनानं लांबवू नका.

इंजिन बांधून झालं की ऑइल ओता आणि डिझेल बंद ठेवून स्टार्टर थोडा थोडा मारा. प्रेशर दिसलं की मगच इंजिन चालू करा. काही मिनिटं चालवून बंद करा, गाडी सपाटीवर उभी ठेवा आणि ऑइल खाली उतरू द्या. मग जुन्या पातळीपर्यंत ऑइल भरा आणि एकूण किती लिटर लागलं ते गाडीच्या वहीत लिहा. पुढच्या बदलीला दुसरा मेस्त्री असेल, तर सवयीनं तो जुन्याच मापानं ऑइल ओतेल.