पोटाचा घेर आणि लघवीतलं प्रोटीन



आपल्याकडे किडनी म्हटलं की मूतखडा आठवतो. खडा दुखतो, माणूस गडाबडा लोळतो, घरचे रातोरात गाडी करून त्याला जालन्याला आणतात. पण ज्या आजाराने पुढे डायलिसिसची पाळी येते, तो बहुतेकांना वर्षानुवर्षं दुखतच नाही. मंठ्याकडचा, भोकरदनकडचा पन्नाशीतला शेतकरी पायावर सूज आली, जेवण जाईना म्हणून दाखवायला येतो, तोवर दोन्ही किडन्यांचं बरंचसं काम थांबलेलं असतं. हातपाय काटक, गालफडं बसलेली, सदऱ्याखाली पोट मात्र सुटलेलं. आपल्यात ते सुखवस्तूपणाचं लक्षण समजतात. मला आज या पोटाबद्दलच बोलायचं आहे.

बीपी, साखर आणि रक्तातली चरबी हे तीन वेगळे आजार नसून त्यांचं मूळ एकच असू शकतं, शरीर इन्सुलिनला दाद देईनासं होतं, अशी मांडणी अमेरिकेतल्या डॉ. जेराल्ड रीव्हन यांनी 1988 साली केली. पुढे त्यात पोटाचा घेर आला आणि मेटाबॉलिक सिंड्रोम हे नाव रूढ झालं. आपल्या लोकांसाठी घेराची मर्यादा पुरुषांना 90 सेंटिमीटर, बायकांना 80. बीपी 130/85 किंवा वर, उपाशीपोटी साखर 100 किंवा वर, ट्रायग्लिसराइड 150 किंवा वर, आणि चांगलं कोलेस्टेरॉल कमी. या पाचांपैकी तीन गोष्टी असल्या की सिंड्रोम आहे असं धरतात. यातली साखर 100 म्हणजे मधुमेह नव्हे, हे ध्यानात घ्या. अमेरिकेत मधुमेह नसलेल्या दहा हजारांवर लोकांवर नऊ वर्षं लक्ष ठेवलं गेलं. 2005 साली त्याचा निष्कर्ष आला: ज्यांना हा सिंड्रोम होता, त्यांना नव्याने किडनीचा आजार होण्याची शक्यता सुमारे 43 टक्क्यांनी जास्त होती. "मला कुठं शुगर आहे" या समाधानात म्हणूनच फार अर्थ नाही.

हे होतं कसं? एका किडनीत साधारण दहा लाख बारीक गाळण्या असतात. दोन्ही मिळून दिवसाला सुमारे 180 लिटर पाणी गाळतात आणि त्यातलं जवळजवळ सगळं रक्तात परत घेतात. पोटातली चरबी, चढलेलं इन्सुलिन आणि बीपी यांमुळे या गाळण्यांवरचा दाब वाढतो. मोसंबीच्या बागेत ठिबकचा पंप जास्त दाबाने चालवला तर फिल्टरची जाळी आधी ताणते, मग फाटते. इथेही तसंच. जाळी सैल झाली की अल्ब्युमिन नावाचं प्रोटीन लघवीत उतरू लागतं. सुरुवातीला ते इतकं थोडं असतं की डोळ्यांना काही दिसत नाही. लघवीला सतत फेस दिसू लागतो, तेव्हा गळती बरीच वाढलेली असते.

आता कोणी म्हणेल, हे तर श्रीमंत देशांचं दुखणं. याचं उत्तर पुण्यात मिळालं. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी 1993 पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गरोदर बायांचा आणि पुढे त्यांच्या मुलांचा अभ्यास केला. आपली बाळं जन्मतः वजनाने कमी, पण त्या मानाने अंगात चरबी जास्त, असं त्यांना आढळलं. कमी वजनाच्या बाळाला गाळण्याही बहुधा कमीच मिळतात, आणि त्या जन्मानंतर वाढत नाहीत. दुष्काळाच्या वर्षांत अर्धपोटी आईच्या पोटी आलेलं मूल चाळिशीत मोटारसायकलवर फिरू लागतं, चहा, फरसाण, गोडधोड हाताशी येतं, तेव्हा तो भार मुळात कमी असलेल्या गाळण्यांवर पडतो. मराठवाड्यात असे दुष्काळ किती गेले, हे तुम्हाला सांगायला नको.

त्यात आपली एक सवय फार घातक आहे. उन्हातान्हात काम करून कंबर, गुडघे धरले की माणूस दुकानातून दुखण्याची गोळी आणतो आणि महिनोन्‌महिने खातो. अंगातलं पाणी कमी झालेलं असताना डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या किडनीचा रक्तपुरवठा आणखी घटवतात. उलट बीपीची गोळी "एकदा लागली की सुटत नाही" म्हणून टाळतो. जी सोडायला हवी ती खायची आणि जी खायला हवी ती सोडायची, हे मला अगदी जिव्हारी लागतं.

आशाताई टेप घेऊन घरी आल्या तर लाजू नका, घेर मोजू द्या. तिशीनंतर बीपी, साखर बघाच. बीपी, साखर किंवा घेर जास्त निघाला तर डॉक्टरांना आणखी दोन तपासण्या मागा: रक्तातलं क्रिएटिनिन आणि लघवीतलं अल्ब्युमिन. अल्ब्युमिन-क्रिएटिनिनचं प्रमाण 30 च्या वर आलं तर तीन महिन्यांत ते पुन्हा करून घ्या. लवकर सापडलं तर बीपीच्या काही गोळ्या ही गळती कमी करतात. साखरेसाठी आलेलं डॅपाग्लिफ्लोझिन मधुमेह नसलेल्यांचीही किडनी जपतं, असं 2020 मध्ये सिद्ध झालं, आणि भारतात ते आता स्वस्तात मिळतं. कोणतं कोणाला, हे डॉक्टर ठरवतील. मिठाचं माप मात्र घरातच ठरतं: दिवसाला पाच ग्रॅम, म्हणजे चहाचा सपाट चमचा, लोणचं-पापड धरून.

घरात कोणी डायलिसिसवर असेल, तर त्याला आठवड्यातून दोन-तीनदा घेऊन येणारा भाऊ किंवा मुलगा चार-चार तास बाहेर बसून असतो. पुढच्या खेपेला त्या वेळात त्याचंही बीपी मोजून घ्या आणि त्याची लघवी तपासायला द्या.