सहीने गेलेला वाटा
(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



वारसा ही घरातली बाब आहे, तीत चळवळीने पडू नये, असा एक अलिखित संकेत आहे. कूळकायद्यासाठी झगडलेली माणसेही या प्रश्नाशी आली की उंबरठ्याबाहेर थांबली. जमीनदाराची जमीन कुळाला कशी मिळावी याचा जितका विचार झाला, त्याच्या दशांशानेही बापाची जमीन मुलीला कशी मिळावी याचा झाला नाही. खेड्यातील बहुतेक जमीन विकत घेतलेली नसते, वारशाने आलेली असते. तेव्हा तेरावे आटोपल्यावर भाऊबंदांची जी बैठक बसते, तिच्यातच मालकीचा खरा निकाल लागतो.

कायद्याने मुलीला वाटा दिला तो फार सावकाश दिला. डॉ. आंबेडकरांच्या हिंदू संहिता विधेयकात जन्मसिद्ध सहदायकीच मोडण्याची योजना होती. विधेयक अडवले गेले, १९५१ मध्ये त्यांनी मंत्रिपद सोडले, आणि १९५६ चा उत्तराधिकार कायदा झाला तो सहदायकी शाबूत ठेवून. याचा अर्थ अंकगणितात पाहावा. विधुर बाप, दोन मुलगे, एक मुलगी आणि वडिलोपार्जित १८ एकर जमीन. बाप मृत्युपत्र न करता वारला की आधी बाप व दोन मुलगे यांत तीन वाटे पडायचे, सहा-सहा एकरांचे. मग बापाच्या सहा एकरांत तिघे वारस. मुलीला दोन एकर, प्रत्येक मुलाला आठ. महाराष्ट्राने १९९४ मध्ये मुलीला सहदायक केले, पण दुरुस्तीपूर्वी लग्न झालेल्या मुली वगळल्या. केंद्राच्या २००५ च्या दुरुस्तीने तो भेद काढला. त्या वेळी बाप हयात असलाच पाहिजे असे नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२० मध्ये स्पष्ट केले. आता त्याच १८ एकरांत तिघांना सहा-सहा येतात.

कागदावर येतात. प्रत्यक्षात मधे हक्कसोडपत्र उभे राहते. वारसनोंदीत बहिणीचे नाव लागते आणि लवकरच तिला दुय्यम निबंधकाकडे नेले जाते. मुद्रांक नाममात्र, मोबदला शून्य. दस्तात ‘राजीखुशीने, कोणाच्याही दबावाशिवाय’ ही ओळ आधीच टंकलिखित असते. परतताना साडीचोळी होते. या दस्तात बेकायदा काही नाही, हीच त्याची ताकद. बहिणीपुढचा खरा प्रश्न सहा एकरांचा नसतोच. सही न केल्यास दिवाळीला, बाळंतपणाला, नवऱ्याने घराबाहेर काढल्यास कोणाच्या दारी जायचे, हा असतो. माहेर राखण्यासाठी ती माहेरचा वाटा सोडते. अशा व्यवहाराला स्वेच्छा म्हणणे म्हणजे उपाशी मजुराच्या मजुरीला मुक्त करार म्हणण्यासारखे आहे.

भाऊ सांगतात, लग्नात खर्च केला. हुंडा १९६१ पासून गुन्हा आहे, हे सोडून दिले तरी तो सासरच्यांच्या हाती गेला. जमीन मात्र भावाच्या नावावर राहून किमतीने वाढत गेली. दुसरा आक्षेप तुकडेकरणाचा. चार मुलगे असले की तुकड्यांची चिंता कोणाला वाटत नाही, चौथ्या जागी मुलगी आली की शेतीचे अर्थशास्त्र आठवते! मालकी आणि वहिवाट एकाच हाती असलीच पाहिजे असे नाही. भावाने कसावे, बहिणीचे नाव सातबारावर राहावे आणि तिला उत्पन्नाचा हिस्सा मिळावा, यात अशक्य काय आहे? २०१५-१६ च्या कृषिगणनेत देशातील वहितीधारकांत स्त्रिया सुमारे १४ टक्केच होत्या. केरळातील तिरुवनंतपुरम जिल्ह्यातील एक पाहणी २००५ मध्ये प्रसिद्ध झाली. तीत जमीन वा घर नसलेल्या स्त्रियांपैकी ४९ टक्के स्त्रियांनी नवऱ्याकडून दीर्घकाळ मारहाण सोसल्याचे आढळले. जमीन आणि घर दोन्ही असलेल्यांत हे प्रमाण ७ टक्के होते.

मृत्युपत्राची वाट तर याहून सोपी. हिंदू माणूस आपली स्वकष्टार्जित मालमत्ता आणि सहदायकीतील स्वतःचा हिस्सा हवा त्याला देऊ शकतो. मुलीला एक गुंठाही न ठेवता. शेजारच्या गोव्यात असे चालत नाही. पोर्तुगीज नागरी संहितेतून आलेल्या तेथील कायद्यात मुलामुलींचा निम्मा वाटा मृत्युपत्राने हिरावता येत नाही, आणि गोव्याच्या २०१२ च्या कायद्यानेही हे तत्त्व राखले आहे. सह्या तेथेही घेतल्या जातात, गोव्याचे उगीच गोडवे गायला नकोत. पण बापाच्या मर्जीला मर्यादा घालता येते, एवढे तेथे सिद्ध झाले आहे.

तेव्हा मागणी नेमकी हवी. मृत्युपत्राने न तुटणारा किमान वाटा. मृत्यूनंतर काही काळ विनामोबदला हक्कसोड नोंदवण्यास बंदी. नोंदणीपूर्वी बहिणीला एकटीला, भावांच्या गैरहजेरीत, तिच्या वाट्याची किंमत सांगून विचारणा. हे होईपर्यंत गावातील कार्यकर्त्याला वारसनोंदीच्या वेळी तलाठ्याकडे (त्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात) जाऊन फेरफाराची नोटीस पाहता येते. हरकतीला पंधरा दिवस असतात, आणि सासरी नांदणाऱ्या बहिणीला ती नोटीस बहुधा कोणी कळवलेली नसते. कळवण्याचे हे काम आधी कार्यकर्त्यांच्या स्वतःच्या घरापासून सुरू करावे लागेल. समतेवर तासभर बोलणाऱ्या कित्येकांच्या सातबारावर बहिणींची नावे केव्हाच कमी झालेली आहेत.